चेंडू उचलणाऱ्या मुली

जून महिना सरत आला, की दौलताबादच्या डोंगरावर ढग रेंगाळू लागतात आणि छत्रपती संभाजीनगरातील महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात. कोणी पैठणहून आलेली असते, कोणी कन्नडहून, तर कोणी जालना किंवा बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून. नव्या विद्यार्थिनींची नावे पटावर चढून पंधरा दिवस होतात न होतात, तोच सूचनाफलकावर एक लहानसा कागद डकविलेला दिसतो. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची निवड अमुक दिवशी सकाळी मैदानावर होईल, एवढाच त्यावरील मजकूर. त्या दोन ओळींनी महाविद्यालयातील व्हॉलीबॉलच्या हंगामास प्रारंभ होतो.

निवडीच्या दिवशी मैदानावर पुष्कळ मुली जमतात. शाळेत असताना कोणी खो-खो खेळलेली असते, कोणी कबड्डी. काहींनी तर व्हॉलीबॉलची जाळी प्रथमच इतक्या जवळून पाहिलेली असते. उंच उडी घेऊन चेंडू जाळीपलीकडे जोराने हाणणे, याला स्मॅश म्हणतात. तो साधला की सभोवार टाळ्या पडतात, आणि आपल्यालाही तो साधावा अशी प्रत्येकीची इच्छा असते. निवड करणाऱ्या क्रीडाशिक्षिकेची नजर मात्र खाली, जमिनीकडे असते. अगदी पायांजवळ पडू पाहणारा चेंडू कोणती मुलगी उचलते, आणि तो निसटला तर पुढच्या चेंडूसाठी लगेच वाकून सज्ज होते की कमरेवर हात ठेवून उभी राहते, हे ती टिपून घेत असते. असे का, हे कळण्यासाठी या खेळाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक या गावी झाला. तेथील वाय.एम.सी.ए. संस्थेत विल्यम मॉर्गन हे व्यायामशिक्षक होते. बास्केटबॉल हा खेळ चारच वर्षांपूर्वी निघाला होता. पण दिवसभर कामधंदा करून येणाऱ्या मध्यम वयाच्या मंडळींना त्यातील धावाधाव आणि धक्काबुक्की सोसत नसे. मॉर्गन यांनी टेनिसची जाळी डोक्याहून थोडी उंच बांधली आणि चेंडू खाली पडू न देता हातांनी पलीकडे टोलवावयाचा, असा एक सौम्य खेळ योजिला. त्याचे पहिले नाव मिंटोनेट. ‘व्हॉलीबॉल’ हे नाव त्याला पुढच्या वर्षी मिळाले. भारतात हा खेळ आला तो वाय.एम.सी.ए.च्या मार्फतच. प्रौढ गृहस्थांच्या विरंगुळ्यासाठी काढलेला आपला खेळ पुढे इतका वेगवान होईल, हे मॉर्गन यांच्या स्वप्नातही आले नसेल.

मैदान अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद. मध्ये जाळी, स्त्रियांच्या सामन्यात तिची वरची कडा जमिनीपासून २.२४ मीटर उंच असते. दोन्ही बाजूंस सहा सहा खेळाडू. इथवर सारे सोपे आहे. खरी मौज पुढील नियमांत आहे. या खेळात चेंडू हातात धरता येत नाही. एकाच खेळाडूस त्याला लागोपाठ दोनदा शिवता येत नाही. आणि जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो पलीकडे धाडावा लागतो. (जाळीजवळ उडी मारून हातांनी चेंडू अडविणे म्हणजे ब्लॉक, तो स्पर्श या तिनांत धरीत नाहीत.) क्रिकेटमध्ये एखादा कसलेला फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडून बसू शकतो. कबड्डीत एखादा चढाईबहाद्दर एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो. व्हॉलीबॉलमध्ये मात्र कितीही मोठी खेळाडू असली, तरी एका स्पर्शानंतर तिला चेंडू दुसरीच्या स्वाधीन करावाच लागतो. शिवाय प्रतिपक्षाची सर्व्हिस संपून ती आपल्याकडे आली, की सहाही जणींनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर पुढे सरकावयाचे असते. आज जाळीशी उभी राहून स्मॅश मारणारी मुलगी थोड्या वेळाने मागच्या रांगेत येते आणि तिलाही वाकून चेंडू उचलावा लागतो.

तीन स्पर्शांपैकी पहिला स्पर्श सर्वांत अवघड. ताशी साठ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू मैदानाची सारी लांबी सुमारे एका सेकंदात कापतो. जाळीवरून मारलेला स्मॅश तेवढ्याच वेगाचा असला, तर मागच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलीला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. एवढ्या वेळात विचार करणे शक्य नसते; शरीरालाच ते काम शिकवून ठेवावे लागते. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, दोन्ही हात जुळवून पुढे केलेले, कोपरे ताठ. चेंडू मनगटाच्या वर, हातांच्या सपाट भागावर घ्यावयाचा. नवख्या मुली येथे हात झटकतात आणि चेंडू भलतीकडे उडतो. हात स्थिर ठेवून पायांनी उचल द्यावयाची असते, आणि ही साधी वाटणारी गोष्ट अंगवळणी पडण्यास महिनोन्‌महिने जातात.

हा पहिला चेंडू जाळीजवळच्या सेटरच्या डोक्यावर अलगद गेला, तर सेटरला निवड करता येते. ती तो डावीकडे देईल, मध्ये देईल की पाठीमागे देईल, हे प्रतिपक्षास कळत नाही आणि त्यांच्या ब्लॉकची फसगत होते. पहिलाच चेंडू वेडावाकडा गेला, तर सेटरला त्याच्यामागे धावत सुटावे लागते. मग तो कोणाकडे जाणार, हे गावभर ठाऊक! पलीकडे दोघी-तिघी आधीच हात वर करून उड्या घेतात, आणि चांगल्यात चांगला स्मॅश त्यांच्या हातांवर आपटून आपल्याच अंगणात पडतो. टाळ्या स्मॅशला मिळतात खऱ्या; पण तो सफल होणार की नाही, याचा निम्मा निकाल पहिल्या स्पर्शातच लागलेला असतो.

म्हणून जुलै-ऑगस्टमधील सराव बहुतेक या एकाच गोष्टीचा असतो. तासिका सुरू होण्यापूर्वी मुली मैदानावर जमतात. पावसाने काळी माती पायाला चिकटते. मुरूम टाकलेल्या जागी पडले तर गुडघे सोलवटतात. क्रीडाशिक्षिका जाळीजवळ एका स्टुलावर उभी राहून चेंडूमागून चेंडू हाणीत राहते आणि समोरची मुलगी ते उचलीत राहते. पहिल्या आठवड्यात हात लाल होतात, दुसऱ्यात त्यांवर निळे वळ उमटतात. “कॉलेजात शिकायला जातेस की मार खायला?” असे घरी आई विचारते. काही मुली याच सुमारास येईनाशा होतात. ज्या टिकतात, त्यांना वरच्या वर्गातील एखादी ताई बाजूला घेऊन हातांची जुळणी पुन्हा दाखविते, आणि वळ आपोआप कमी होऊ लागतात. कारण चेंडू योग्य जागी लागला, म्हणजे तो फारसा दुखवीत नाही.

पाऊस ओसरला की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येतात. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. जालना शहर तसे जवळ, सुमारे साठ किलोमीटरवर. धाराशिव मात्र त्याच्या चौपट दूर. चेंडूंची जाळीदार पिशवी एस.टी.च्या फळीवर ठेवून, घरून आणलेल्या भाकऱ्या मांडीवर घेऊन, असा प्रवास करावयाचा आणि उतरल्यावर आखडलेल्या पायांनी मैदान गाठावयाचे.

या स्पर्धा बाद पद्धतीने झाल्या, म्हणजे त्यांचा हिशेब फार कठोर असतो. सोळा संघ उतरले, तर पहिल्या फेरीनंतर त्यांपैकी आठ संघांचा वर्षभराचा हंगाम आटोपलेला असतो. दोन-अडीच महिन्यांचे कष्ट, आणि त्यांचा निकाल तासाभरात! साखळी पद्धतीत एक पराभव पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहता येते. बाद पद्धतीत तशी सवड नाही. अधिक संघांना थोड्या दिवसांत खेळविण्यास दुसरा सोयीचा मार्ग नसतो हे खरे. तरी पहिल्याच सामन्यात हरून परतणाऱ्या मुलींच्या गाडीत फारसे कोणी बोलत नाही.

जिंकणाऱ्यांचा मार्ग पुढे जातो. सर्व महाविद्यालयांतील निवडक मुलींचा मिळून विद्यापीठाचा संघ बनतो. काल ज्या मुलीचा स्मॅश अडविण्यासाठी जिवाचे रान केले, तिच्यासाठीच आज चेंडू उचलावयाचा, हा पालट मोठा चमत्कारिक असतो. हा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. तेथे गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा येथील विद्यापीठांशी गाठ पडते. त्यात अग्रभागी राहिलेल्या संघांना अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. याखेरीज राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडामहोत्सव असतोच.

शहराच्या गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक सूतगिरणी चौक म्हणतात. व्हॉलीबॉल आणि सूतगिरणी यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थोडाथोडका नाही. मात्र तो पाहण्यासाठी जपानात गेले पाहिजे.

जपानमधील ओसाका शहराच्या दक्षिणेस काईझुका नावाचे गाव आहे. तेथे निचिबो या कंपनीची सूतगिरणी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानातील गिरण्यांतून हजारो तरुण मुली काम करीत, आणि अनेक गिरण्यांनी आपापले व्हॉलीबॉल संघ उभे केले होते. निचिबोच्या संघाचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू हे होते. १९४४ सालच्या इंफाळच्या मोहिमेत जपानी सैन्याची भयंकर वाताहत झाली. त्या मोहिमेतून जिवंत परतलेल्यांपैकी ते एक होत. त्यांच्या संघातील मुली दिवसा कंपनीत काम करीत आणि दुपार कलल्यावर मैदानावर येत. सराव मध्यरात्रीपर्यंत, कधी कधी त्याच्याही पुढे चाले.

जपानी मुलींची उंची युरोपीय खेळाडूंपेक्षा कमी. जाळीवर उंचीशी उंचीचा सामना केला, तर हार ठरलेली. १९६० सालच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघापुढे जपानला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तेव्हा दाइमात्सू यांनी निराळा विचार केला. समोरच्यांना स्मॅश मारू द्यावा, पण मारलेला चेंडू जमिनीला लागूच देऊ नये! मैदानावर सहाच जणी असतात. त्यामुळे दोघींच्या मधल्या जागेत चेंडू पडू लागला, तर त्यासाठी झेप घ्यावी लागते, आणि झेप घेतलेली मुलगी जमिनीवर आपटते. ती उठून उभी राहीपर्यंत पुढचा चेंडू येतो. यावर उपाय सुचला तो एका खेळण्यावरून. बुडाशी जड असलेली, कितीही पाडली तरी डोलत उठून बसणारी बाहुली आपल्याकडे तंजावरची म्हणून प्रसिद्ध आहे. तशीच बाहुली जपानातही असते. झेप घ्यावयाची, चेंडू उचलावयाचा, आणि पडता पडताच खांद्यावरून कोलांटी घेऊन त्याच वेगात पायांवर उभे राहावयाचे, अशी ती युक्ती होती. सांगण्यास सोपी, अंगी बाणेपर्यंत मात्र मुलींची शरीरे काळीनिळी झाली.

१९६१ साली हा संघ युरोपात गेला आणि एकामागून एक सामने जिंकीत सुटला. चेंडू खाली पडतच नाही हे पाहून तेथील वृत्तपत्रांनी या मुलींना ‘पूर्वेकडील चेटकिणी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी मॉस्को येथे, सोव्हिएत संघाच्या घरी जाऊन, जपानने जागतिक अजिंक्यपद मिळविले.

येथेच या मुलींनी थांबावयाचे ठरविले होते. त्या काळी जपानात मुलीने पंचविशीच्या आत लग्न करावे अशी रीत होती, आणि कित्येकींचे ते वय उलटून चालले होते. पण १९६४ चे ऑलिंपिक टोकियोत भरणार होते, आणि त्यात व्हॉलीबॉलचा समावेश झाला होता. स्त्रियांचा चेंडूचा सांघिक खेळ ऑलिंपिकमध्ये येण्याची ही पहिलीच वेळ. दोन वर्षे आणखी द्यावयाची की संसाराकडे वळावयाचे? पत्रांचा ढीग आला. सारा देश ‘खेळा’ म्हणत होता. कर्णधार मासाए कासाई आणि तिच्या जोडीदारणींनी खेळावयाचे ठरविले.

२३ ऑक्टोबर १९६४. त्याच दिवशी टोकियोत भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला एका गोलाने हरवून सुवर्णपदक परत मिळविले, म्हणून ही तारीख आपल्याकडील पुष्कळांच्या स्मरणात आहे. जपानी लोक तिची आठवण काढतात ती व्हॉलीबॉलसाठी. साखळीतील शेवटचा सामना. जपान आणि सोव्हिएत संघ दोघेही तोपर्यंत अपराजित. जपानच्या बारा खेळाडूंपैकी दहा एकट्या निचिबोच्या होत्या. पहिला डाव जपानने १५-११ असा घेतला, दुसरा १५-८ असा. तिसऱ्या डावात विजयास एकच गुण हवा असताना सोव्हिएत मुलींनी चिकाटीने पाठलाग करून अंतर एकाच गुणावर आणले. त्या काळी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे; त्यामुळे शेवटचा गुण हाती येता येत नव्हता. अखेरीस एका सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेला, पंचांची शिटी वाजली, आणि १५-१३ असा डाव व सामना जपानचा झाला. सुवर्णपदक देणारा शेवटचा गुण असा प्रतिपक्षाच्या चुकीने आला, स्मॅशने नव्हे. एक चेंडू पुन्हा पुन्हा परत येत राहिला म्हणजे समोरच्याचा धीर सुटतो, आणि हात नको तेथे जातो.

या यशाचे कौतुक करताना एक गोष्ट दृष्टीआड करू नये. दाइमात्सू यांची शिस्त अतिशय निष्ठुर होती. दुखणेबहाणे ते ऐकून घेत नसत; मुलगी रडू लागली तरी चेंडूंचा मारा थांबत नसे. त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली. आम्ही आमच्या इच्छेनेच खेळलो, असे त्यांतील काही खेळाडूंनी पुढे सांगितले आहे, आणि त्यांचा शब्द मानलाच पाहिजे. परंतु जी निष्ठुरता इच्छेने पत्करलेल्या प्रौढ खेळाडूंनी सोसली, ती कोवळ्या वयाच्या मुलामुलींवर लादणे सर्वस्वी गैर होय. झोप, आहार आणि दुखापतीनंतरची विश्रांती यांवाचून स्नायू बळकट होत नाहीत, हे आज पुरते सिद्ध झाले आहे. निचिबोकडून कोलांटी घ्यावी. मध्यरात्रीचा सराव घेऊ नये.

चेंडू उचलणाऱ्या खेळाडूचे मोल या खेळाच्या नियमांनाही पुढे मान्य करावे लागले. १९९८ पासून संघात लिबेरो नावाची एक खास खेळाडू ठेवता येऊ लागली. तिचा सदरा इतरांहून वेगळ्या रंगाचा असतो. ती मागच्या रांगेतच खेळते. जाळीच्या उंचीवरून चेंडू मारण्यास आणि ब्लॉक करण्यास तिला मनाई असते. तिने फक्त उचलावयाचे. बुटक्या म्हणून ज्या मुली पूर्वी निवडीतच मागे पडत, त्यांच्यासाठी संघात हक्काची एक जागा झाली. महाविद्यालयाच्या संघातही आता ही जागा असते, आणि ती मिळविण्यासाठी चुरस लागते. पूर्वी खो-खो खेळलेल्या मुलीला येथे फायदा होतो. खाली वाकून बसण्याची आणि क्षणात दिशा बदलण्याची सवय तिच्या पायांना आधीपासूनच असते.

लग्नाचा प्रश्न मात्र जपानपुरता नव्हता. महाविद्यालयाची पदवी तीन-चार वर्षांची, म्हणजे हंगामही तेवढेच. शेवटच्या वर्षाच्या मुलीकडे पाहुणे येऊ लागतात. कोणी पोलीसभरतीची तयारी धरते, कोणी शारीरिक शिक्षणाच्या पदवीकडे वळते, कोणाच्या घरी शेतीच्या कामाला माणूस हवे असते. खेळ सुटतो तो बहुधा येथेच. जपानात याला एक निराळे वळण मिळाले. कासाई हिचे लग्न टोकियोच्या विजयानंतर १९६५ मध्ये झाले, आणि त्यानंतरही तिने व्हॉलीबॉल सोडले नाही. गावोगावच्या गृहिणींना ती हा खेळ शिकवू लागली. १९७० मध्ये तेथे आयांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. सकाळी मुलांचे डबे भरून दुपारी जाळीशी उभ्या राहणाऱ्या त्या स्त्रियांना कोणी चेटकिणी म्हटले नाही. पण चेंडू उचलण्याची त्यांची पद्धत तीच होती.

फेब्रुवारीत संभाजीनगरच्या मैदानांवर ऊन चढू लागते. स्पर्धा संपलेल्या असतात, प्रशस्तिपत्रे कपाटात गेलेली असतात, परीक्षेचे वेळापत्रक कधी लागते याची वाट पाहणे चाललेले असते. संध्याकाळी मैदानावर दोन-चारच मुली दिसतात. त्या पहिल्या वर्षाच्या असतात. त्यांना पुढच्या जूनमध्ये पुन्हा निवडीस उभे राहावयाचे असते. अशा वेळी शेवटच्या वर्षाची एखादी ताई वसतिगृहातून येते, पुस्तके पायरीवर ठेवते, आणि स्टुलावर चढून त्यांच्याकडे चेंडू मारू लागते.